पलीकडची विंग

ती आरोळी माझी होती. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या माणसाला उद्देशून ती मारली, त्याला तर नाहीच नाही. त्या दुपारी मैदानाच्या पायऱ्यांवर शे-दीडशे माणसं ओरडत होती. त्यांच्यात माझा आवाज मिसळून गेला असेल, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. पण तो मिसळला नव्हता. मिसळणं शक्यच नव्हतं. बाकी सगळे हिंदीत ओरडत होते आणि मी एकटा मराठीत ओरडलो होतो.

आज हे वर आलं ते सातविणीमुळे. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत बिल्डरने गेटपासून क्लबहाउसपर्यंत सातविणीची झाडं ओळीने लावली आहेत. ऑक्टोबर सरत आला की ती फुलतात, आणि तो गोडसर, जड, डोकं धरायला लावणारा वास वरच्या मजल्यांपर्यंत चढतो. लोकांना आवडतो. सकाळी फिरायला निघालेले थांबून म्हणतात, "वाह, सर्दी आ गई!" मी खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, "अहो, इतकी छान हवा येतेय, बंद काय करताय?" मी म्हणतो, "ॲलर्जी." दिल्लीत या दिवसांत ॲलर्जी म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मग मी त्या बंद खिडकीशी उभा राहतो, परत येऊन बसतो, पेपर उघडतो, मिटतो. गेले काही दिवस असंच चाललंय.

सातवीण फुलली की आमची फुटबॉलची लीग सुरू व्हायची.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मी पुण्याहून बदलून आलेला, सेक्शन ऑफिसर, कमी बोलणारा. ऑफिसात माझा आवाज फाइलवरच्या शेऱ्यांपुरता. आमच्या खालच्या मजल्यावर साळोखे राहायचे, कोल्हापूरचे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, दुसऱ्या एका मंत्रालयात नोकरीला, पण मनाने अजून तालमीच्या मैदानावर. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं हे मला पुण्यात राहून माहीत नव्हतं. ते त्यांनी मला जिन्यात उभं राहून शिकवलं. पेठेपेठेची टीम, मॅचच्या दिवशी बंद होणारी दुकानं, हरलेल्या पेठेत त्या रात्री न पेटणाऱ्या चुली. "नाद खुळा हो, पुणेकर," असं म्हणून ते हसायचे. मला ते शेवटपर्यंत पुणेकरच म्हणाले. आपटे हे माझं आडनाव त्यांनी बहुधा कधी उच्चारलंच नाही.

कॉलनीच्या पोरांची टीम ते चालवायचे. कोच म्हणा, मॅनेजर म्हणा, सगळं तेच. पिवळ्या जर्सीची ती टीम शहरातल्या खालच्या लीगमध्ये खेळायची. गढवाल, मणिपूर, केरळ, बंगाल, जिथून जिथून माणसं सरकारी नोकरीला दिल्लीत आली, तिथली सगळी पोरं तिच्यात होती. आणि त्यांचे बाप, काका, शेजारी रविवारी दुपारी मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर, मफलर गुंडाळून, मांडीवर मूंगफलीचा पुडा घेऊन. आठवडाभर साहेबांसमोर माना हलवणारी ही माणसं तिथे पंचाला, लाइन्समनला, स्वतःच्या पोराला, कुणालाही काहीही म्हणायची. मला ते बघायला खेळापेक्षा जास्त आवडायचं. एवढं मोकळं ओरडता येतं?

टेरेसवर टरफलांचा आवाज करत उन्हात बसलेली माणसं दिसली की अजूनही माझे पाय आपोआप थांबतात.

त्या मोसमाच्या सुरुवातीला साळोखे एकदा संध्याकाळी वर आले. वहिनींनी दिलेला तांबडा रस्सा डब्यात होता, तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि मला गॅलरीत नेलं. समोरच्या कडुलिंबाकडे बोट करून म्हणाले, "त्या झाडावर काय आहे?"

"पतंग अडकलाय. लाल."

"मला झाडच नीट दिसत नाही," ते म्हणाले. "साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्लाय म्हणे. जवळचं भागतंय. पण आपल्या बाकावरून पलीकडच्या विंगला, मैदानाच्या त्या कडेला, कोण आहे, आपला का त्यांचा, ते कळत नाही. नुसता पिवळा धूर." मग म्हणाले, "घरात बोलू नका. क्लबात तर नकोच. काढून टाकतील. अजून एक वर्ष, पोरं जरा तयार झाली की मीच सोडतो."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"हितं शेजारी बसायचं. आणि दिसेल ते सांगायचं. त्यात लाजायचं काय?"

असा मी बाकावर आलो. त्यांच्या डाव्या हाताला माझी जागा. पोरांना वाटायचं, हे नवे असिस्टंट. मी खालच्या आवाजात मराठीत बोलत राहायचो. पलीकडे आपला मोकळा आहे. त्यांचा बॅक पुढे आलाय. मधल्याची दमछाक झालीय. ते ऐकायचे आणि उठून हिंदीत गर्जना करायचे, आणि पोरं त्याप्रमाणे धावायची. दिल्लीत आपण मराठी माणसं हे नेहमीच करतो. भाजीवाल्यासमोर भाव ठरवताना, मेट्रोत शेजारच्याविषयी बोलताना, पाहुण्यांसमोर मुलाला दटावताना मराठीत शिरतो. घराबाहेर ती भाषा म्हणजे आपली बंद खोली. त्या खोलीत आम्ही दोघं अख्खी टीम चालवत होतो. आयुष्यात मी इतका उपयोगी कधीच नव्हतो, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

काल संध्याकाळी आमची मुलगी, इरा, मैत्रिणींबरोबर टीव्हीवर युरोपातली मॅच बघत होती. तिची टीम यंदा हरतेच आहे. तिला काही सुचत नव्हतं, सोफ्यावरून खाली, खालून वर. "यार, ह्याला काढा! बाबा, तू बघ ना, बिल्कुल प्लॅन नाहीये ह्या मॅनेजरकडे."

मी म्हटलं, "त्याला तिथून काय दिसतंय ते आपल्याला..."

"त्याच्याकडे दहा स्क्रीन असतात, बाबा!" मैत्रिणी हसल्या. इरा त्यांना म्हणाली, "माझा बाबा खूप चिल आहे. तो कधीच कुणावर ओरडत नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो.

डिसेंबर लागला आणि धुकं आलं. दिल्लीचं धुकं नुसतं पांढरं नसतं. त्यात धूर असतो, डिझेल असतं, जळक्या पानांची चव असते. दुपारीही ऊन राखेतून गाळल्यासारखं पडायचं. त्या दिवशी आम्ही एका गोलने पुढे होतो. पलीकडच्या विंगला थापा होता, आमचा सगळ्यात चपळ पोरगा. मला धुक्यात एक पिवळा पोरगा लंगडताना दिसला. मी म्हणालो, "थापाचा पाय गेलाय. लंगडतोय." साळोख्यांनी लगेच त्याला बाहेर घेतला.

थापा धावत बाहेर आला. दोन्ही पायांनी, ठणठणीत. लंगडत होता तो दुसराच, त्याच्या मागचा.

पायऱ्या उसळल्या. "अच्छे-भले लड़के को निकाल दिया!" "कोच साहब, सो रहे हो क्या?" थापाने बाटली जमिनीवर आपटली. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत आम्ही तीन गोल खाल्ले, तिन्ही त्याच बाजूने. मी मान खाली घालून बसलो होतो. साळोख्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असू दे. होतंय असं." मॅच संपल्यावर क्लबची दोन माणसं त्यांना जाब विचारायला आली. "सर, ये क्या सोचकर किया?" मी तिथेच, हाताच्या अंतरावर. साळोखे म्हणाले, "मेरा फैसला था. गलत निकला." घरी परतताना रिक्षात ते म्हणाले, "पानिपत झालं की हो आज," आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही. मला त्यांचा राग आला होता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. ज्याने माझी चूक मुकाट्याने अंगावर घेतली, त्याच्याकडे बघणं मला जड जाऊ लागलं, आणि त्या जडपणाचं मी आतल्या आत रागात रूपांतर करून टाकलं. कुणी सांगितलं होतं डोळे नसताना बसायला? कुणी सांगितलं होतं मला गुंतवायला?

पुढच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "छातीत कफ आहे. बाकावर फार गार लागतं. मी वर उन्हात बसतो."

"बसा की," ते म्हणाले. "तब्येत आधी."

मी पायऱ्यांवर गेलो.

वर नेगीजी होते, कॉलनीतले जुने गढवाली गृहस्थ, टीमचे सगळ्यात कट्टर चाहते. थर्मासमधून चहा ओतून देत म्हणाले, "आइए आपटे जी, आप भी जनता में आ गए?" सगळे हसले. मला शेंगा मिळाल्या, तीळगुळाची गजक मिळाली, जागा मिळाली. बाकावर मी साळोख्यांचा माणूस होतो, इथे सगळ्यांचा. आणि खाली आमची टीम हरत होती. हरणारच. पलीकडच्या विंगला काय चाललंय हे बाकावर बसलेल्या माणसाला दिसत नव्हतं, आणि ज्याने सांगायचं तो वर शेंगा सोलत बसला होता. हे त्या पायऱ्यांवर फक्त मला ठाऊक होतं. एकदा पलीकडे आमचा पोरगा हात वर करून मोकळा उभा होता, बराच वेळ, आणि साळोखे इकडच्याच बाजूला ओरडत राहिले. नेगीजी कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे कोई तो बताओ इसको!"

कुणीतरी म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. मी शेंग फोडली.

नाताळची सुट्टी, नवं वर्ष, थंडी आणखी कडक. टीम तळाला गेली. रविवार आला की माणसं चिडायलाच यायची असं वाटायचं. हरणाऱ्या टीमच्या चाहत्यांची एक वेगळीच जवळीक असते. जिंकताना प्रत्येक जण आपापल्या आनंदात असतो. हरताना सगळ्यांना एक माणूस सापडतो. आमचा माणूस खाली बाकावर, तपकिरी स्वेटरमध्ये, पाठमोरा बसलेला होता. "कोच हटाओ, टीम बचाओ" हे कुणी सुरू केलं आठवत नाही, पण त्याला ठेका होता आणि टाळ्या होत्या. मी टाळ्या वाजवायचो. सुरुवातीला हातमोजे घालून, म्हणजे आवाज होऊ नये म्हणून. नंतर काढून.

मला खरं तर त्यांच्याशी बोलायचं होतं. खाली त्यांच्या घरी जाऊन, वहिनी आत असताना, हळूच म्हणायचं होतं की साळोखे, आता सोडा. तुम्हाला दिसत नाही, आणि माझ्याच्याने परत बाकावर येववत नाही. एकदा मी जिना उतरून त्यांच्या दारापर्यंत गेलोही. आतून टीव्हीचा आवाज येत होता. घंटेवरचं बोट मागे घेतलं आणि कोपऱ्यावरून दूध घेऊन परत आलो, घरात दूध असताना. मी हा असा माणूस आहे. जे चार भिंतींच्या आत हळू बोलायचं, ते माझ्या तोंडून निघत नाही. गर्दी पाठीशी असली की निघतं.

त्या रविवारी तेच झालं. पलीकडून समोरच्या टीमचा पोरगा एकटा पळत सुटला होता, आमच्या बाजूचं कुणीही त्याच्या आसपास नव्हतं आणि साळोखे हाताची घडी घालून दुसरीकडेच बघत होते. गोल झाला. पायऱ्या उभ्या राहिल्या, मीही उभा राहिलो, आणि छातीतून काहीतरी सुटलं:

"अहो साळोखे, दिसत नाही तुम्हाला! उठा आता, घरी बसा!"

सगळे त्यांना अरे-तुरे करत होते. मी 'अहो' म्हणालो. शिवी देतानाही माझं पुणं सुटलं नाही, आणि त्यानेच माझा आवाज त्या गोंगाटात वेगळा पडला. तरी मला त्या क्षणी कसं वाटलं हे सांगायलाच हवं. फार बरं वाटलं. जन्मभर घशात अडकलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं.

साळोखे वळले. आधी पायऱ्यांकडे नाही, डावीकडे वळले. बाकावर माझी जी रिकामी जागा होती, तिच्याकडे. सवयीने वळले असतील. मराठी आवाज तिथूनच यायचा. तिथे कुणी नाही हे बघायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी मान वर केली आणि पायऱ्यांवर नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली नाही, थोडी बाजूला गेली, नेगीजींच्या पलीकडे कुठेतरी. मी त्यांना दिसत नव्हतो. मी हललो असतो, हात वर केला असता, तर कदाचित दिसलो असतो. मी दगडासारखा उभा राहिलो.

नेगीजींनी विचारलं, "क्या बोले आप उनको?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "अपनी भाषा में थोड़ी हिम्मत बढ़ाई."

"अच्छा किया," नेगीजी म्हणाले, आणि खरंच हळवे होऊन म्हणाले. "कोई तो हो बेचारे का अपना."

पुढच्या मॅचला साळोखे आले नाहीत. पोरांच्या कॅप्टनकडे निरोप दिला होता की तब्येत बरी नसते, आता जमणार नाही. पायऱ्यांवर जल्लोष झाला, गजक वाटली गेली. मीही खाल्ली. नवा मॅनेजर आला, तरुण, शिट्टी गळ्यात घातलेला. टीम हरतच राहिली. फेब्रुवारीत ऊन सरळ झालं, धुकं गेलं, पलीकडची विंग लख्ख दिसू लागली, आणि माणसं नव्या माणसावर ओरडू लागली. ठेका तोच, टाळ्या त्याच. मी मात्र त्यानंतर ओरडू शकलो नाही. तोंड उघडायचो आणि आत आवाजच नसायचा.

मधे संक्रांत आली होती. साळोखे वहिनींबरोबर वर आले, दरवर्षीसारखे. आमच्या बायकोच्या हातावर, इराच्या हातावर वड्या ठेवल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मग माझ्यापाशी आले. माझा हात कुठे आहे हे त्यांनी आधी स्पर्शाने बघितलं, वडी ठेवली आणि म्हणाले, "तिळगूळ घ्या."

एवढंच. पुढचं ते म्हणाले नाहीत. नंतर इराशी शाळेबद्दल बोलत बसले, चहा घेतला, जिन्याचा कठडा धरून एक एक पायरी उतरत गेले. बायकोच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या हातात ती वडी चिकट होत राहिली.

वर्षभराने ते रिटायर झाले आणि लेकीकडे, पानिपतला गेले. रेवतीच्या सासरचा तिथे चादरींचा कारखाना आहे. निघताना म्हणाले, "मराठे पानिपतला हरायला गेले, मी राहायला चाललोय." सगळे हसले, मीही. पानिपत इथून काही लांब नाही. गाडीने दोन-अडीच तास. हायवेवर तिकडे जाणारी पाटी मी कितीदा तरी वाचली आहे. गेलो नाही. कधी ऑफिस, कधी इराची परीक्षा, कधी धुकं.

गेल्या आठवड्यात रेवतीचा फोन आला. "काका, बाबा विचारतायत, लीग सुरू झाली का? इकडे सातवीण फुललीय, त्याचा वास आला की त्यांना चैन पडत नाही." मी म्हटलं, "झाली असेल." ती म्हणाली, "आता त्यांना जवळपास काहीच दिसत नाही. टीव्हीवर मॅच लावून नुसतं ऐकतात, आणि वैतागतात. म्हणतात, ह्या कॉमेंटरीवाल्यांना मैदान सांगता येत नाही. सांगायचं तर पुणेकरांनी. बोलता का त्यांच्याशी?"

मी म्हणालो, "आत्ता जरा बाहेर आहे, मग करतो." मी घरातच होतो, बंद खिडकीशी.

त्या दिवसापासून पुणेकर हा शब्द डोक्यातून जात नाही. आवाज ओळखला नसेल, असं जे एक दार मी इतकी वर्षं किलकिलं ठेवलं होतं, ते त्या तिळगुळाच्या दिवशीच लागलं होतं, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ओळखला. आणि तरी त्यांना मैदान माझ्याच तोंडून ऐकायचं आहे. ही माफी आहे, की नुसती तहान आहे, मला कळत नाही. कळावं असा माझा हक्कही नाही.

हे लिहून झालं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. कारण हेही पुन्हा तेच आहे. चारचौघांत उभं राहून, मराठीत, पाठमोऱ्या माणसाला उद्देशून. छापून आलं तर रेवती त्यांना वाचून दाखवेल, आणि मी पुन्हा पायऱ्यांवरच असेन.

म्हणून जे देणं राहिलं आहे ते सरळ लिहून ठेवतो. मी साळोख्यांना एक अख्खी मॅच देणं लागतो. पानिपतच्या कुठल्याही मैदानावर, कुठल्याही पोरांची. त्यांच्या डाव्या हाताला बसून, खालच्या आवाजात, पलीकडच्या विंगला जे दिसेल तेच सांगत. आणि ती सुरू होण्याआधी, तिथेच बसून, ह्या लेखाचं पहिलं वाक्य.